नानांचं मनगट आणि पोराची मूठ: दोघांना मिळून खेळता येतील असे खेळ सुचवा

गिरणाकाठ

राम राम मंडळी. प्रश्न एकच आहे, पण माणसं दोन आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७२. जूनच्या पहिल्या पावसात ओट्यावरून पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघून आता तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आता हात वापरायला लागा. पण नाना वापरतच नाहीत. चहाचा कप डाव्या हातात, शर्टाची बटणं सासूबाई लावून देतात. मागच्या सोमवारी महादेवाच्या देवळात प्रसादासाठी पसा केला, तर तळहात पुरता वर वळेना. साखरफुटाणे खाली सांडले. तेव्हापासून देवळात जाणंही बंद केलंय. व्यायामाला एक मऊ चेंडू दिला होता, तो दोन दिवस दाबला आणि आता खिडकीत पडलाय. परवा मला म्हणाले, "मना हात आते मनं ऐकस नही." जन्मभर वखर धरलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकवत नाही हो.

दुसरा माझा मुलगा. पाच वर्षांचा आहे, सिनियर केजीत. बाई म्हणाल्या, पेन्सिल अजून मुठीत धरतो, दोन ओळी झाल्या की हात झटकतो आणि रडायला लागतो. बटण त्यालाही लावता येत नाही. सकाळी आमच्या घरात दोन शर्ट बटणांची वाट बघत उभे असतात.

एक 'बोटांना ताकद देणारं' खेळणं ऑनलाइन मागवलं होतं, चौदाशे रुपयांचं. त्यावर आयएसआयची खूण नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले बारीक लोहचुंबक सुटून फरशीवर आले. ते लगेच टाकून दिलं. पोराने तोंडात घातले असते तर, या विचाराने अजून धस्स होतं.

तर आजोबा आणि नातू दोघांनाही चालेल, हाताला-मनगटाला खरोखर उपयोग होईल असं काय आहे?

नवखी_आई

वाचतेय. आमच्याकडेही मुठीत पेन्सिल हाच प्रश्न आहे. कणकेच्या गोळ्याने थोडा फरक पडला. पोळ्या करताना तिला शेजारी बसवते.

लोहचुंबकाचं फार बरं केलंत टाकून दिलंत ते. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना खेचून आतडं चिमटीत धरतात, भोक पडू शकतं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बटण-सेलबद्दलही असंच बजावलं होतं. असं काही गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

सातपुडा_ओटी

मी धुळ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून थेरपी देते. हातांवरच काम करते. पेशंटला न बघता सांगते आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

गिरणाकाठ ताई, आधी एक तपासा. नानांचा हात सुजून चकचकीत दिसतो का? नुसता स्पर्श झाला तरी आग होते का? दुसऱ्या हातापेक्षा रंग वेगळा किंवा जास्त गार-गरम लागतो का? यातलं काही असेल तर खेळ राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

तसं काही नसेल तर पुढचं. चेंडू खिडकीत गेला याचं मला नवल वाटलं नाही. चेंडू दाबून मूठ घट्ट होते, आणि नानांची अडचण तर पशाची आहे. तळहात वर वळवणं हे काम एकट्या मनगटाचं नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात आणि त्यातलं एक दुसऱ्याभोवती फिरतं, तेव्हा पसा होतो. अशा पडण्यात मोडतं ते बहुधा हेच फिरणारं हाड, अंगठ्याच्या बाजूचं. त्यामुळे हात खाली वळवणं लवकर जमतं आणि वर वळवणं मागे राहतं.

यासाठी माझं आवडतं खेळणं म्हणजे जत्रेतला डमरू. खरंच सांगते. कोपर बरगडीला टेकवायचं, डमरू मधोमध धरायचा आणि वाजवायचा. कोपर सुटलं की खांदा लबाडी करतो, मनगट तसंच राहतं. दुसरं म्हणजे पत्ते. प्रत्येक पान उलटं करताना हात थोडा तरी वर वळतोच. भिकार-सावकार खेळा, त्यात दर खेपेला पान उलटावं लागतं आणि पाच वर्षांच्या मुलालाही तो कळतो. खेळायच्या आधी पाच-दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवू द्या. ताण जाणवेल, तो चालतो. पण ठणका रात्रीपर्यंत राहिला तर त्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि उद्या निम्मं करा. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, एकदम अर्धा तास नको.

आता मुलाचं. पालक 'मनगट कमजोर आहे' असं म्हणतात, तेव्हा मी त्यांना लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे दाखवते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चा असते, एक्स-रेत तिथे मोकळी जागाच दिसते. मग एकेक हाड उगवत जातं आणि शेवटचं दिसायला नववं ते बारावं वर्ष लागतं. पाच वर्षांच्या हाताकडून चार ओळींचं सुवाच्य अक्षर मागणं म्हणजे ओल्या भिंतीवर स्लॅब टाकणं. आधी पेन्सिल बाजूला ठेवा आणि पाटी भिंतीला उभी टांगा. उभ्या पाटीवर लिहिताना मनगट आपोआप किंचित मागे वळतं, आणि तसं वळलेलं असलं की बोटांची पकड सगळ्यांत चांगली बसते. खडू मात्र मोडून द्या, बोटाच्या एका पेराएवढाच. मुठीत धरायला जागा उरत नाही, मग अंगठा आणि दोन बोटं आपसूक पुढे येतात.

जळगावकर_७८

नानांना तो स्प्रिंगचा हॅण्ड ग्रिपर द्या ना, जिममध्ये असतो तो. स्वस्त आहे आणि महिन्यात हात लोखंड होतो.

सातपुडा_ओटी

नको. नुकतं जुळलेलं हाड, त्यात बहात्तरचं वय. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर ग्रिपरने तो सांधा आणखी चिडतो. आणि मनगटाच्या पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं मिटणारे नऊ दोर आणि एक नस जाते. प्लास्टरनंतरच्या सुजेने तो बोगदा आधीच भरलेला असतो. त्यात रोज शंभरदा करकचून मूठ आवळली की मुंग्या येतात. नानांना रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात का, तेही विचारा ताई.

ठिबक_भाऊ

यावल तालुका. आमच्या घरी विकतचं खेळणं फार कमी, पण ठिबकचा भंगार ढीगभर. दर दोन-चार वर्षांनी नळ्या बदलाव्या लागतात. सोळा एमएमच्या जुन्या नळीचे बोटाएवढे तुकडे केले, कडा घासून घेतल्या, गरम पाण्यात साबणाने धुतले. त्यांच्यासोबत जॉइनर, टी आणि एंडकॅप. माझी पोरगी चार वर्षांची असल्यापासून हे जोडते. जॉइनर नळीत बसवायचा म्हणजे एका हाताने धरायचं, दुसऱ्याने पिळत दाबायचं. मोठ्या माणसालाही जोर लागतो. नळी गरम पाण्यात बुडवून काढली की सहज बसते, म्हणजे कठीण-सोपं आपल्या हातात राहतं. पाडव्याला तिने या तुकड्यांची बैलगाडी केली होती.

फक्त खताची टाकी ज्या लाइनवर होती तिच्या नळ्या घेऊ नका. औषध गेलेल्या तर मुळीच नाही.

बारीक वस्तूंचा विषय निघालाच आहे तर, तीन वर्षांखालच्या पोरांसाठी खेळण्याचा भाग गिळण्याइतका लहान आहे का हे तपासायचं नळकांडं साधारण ३२ एमएम व्यासाचं असतं. त्यात मावला तो भाग धोक्याचा. मी ४० च्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा वापरतो. पाइपावरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, आतून तो साधारण ३६ भरतो, म्हणजे आपली तपासणी कंपनीपेक्षा कडकच होते.

गिरणाकाठ

ओटी ताई, फार फार आभार. सूज-आग काही नाही, मुंग्याही नाहीत. पाटी कालच उभी टांगली आणि पोराने त्यावर ट्रॅक्टर काढला!

पण नानांचं गाडं तिथेच अडलंय. डमरू आणला. "मी काय माकडवाला शे का?" म्हणून कोपऱ्यात ठेवला. पत्त्यांना म्हणाले, डोळे दुखतात. नळीचे तुकडे पुढे ठेवले तर म्हणाले, हे पोरांचं काम आहे. मला रागही येतो आणि वाईटही वाटतं.

मांडेवाली_मावशी

बेटा, रागावू नको त्यांच्यावर. हात अडला की माणूस आतून लहान होतो, आणि त्याच वेळी आपण त्याच्यापुढे लहान पोरांचं खेळणं ठेवतो.

माझं सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. भिजवून मऊ केलेल्या कणकेत पुरण भरायचं आणि तो मांडा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर फिरवत मोठा करायचा. बोटांनी ओढलास तर फाटतो, मनगटावर झेललास तर कोपरापर्यंत पसरतो. मग उलट्या खापरावर टाकायचा. माझ्या उजव्या हाताला दोन वर्षांपूर्वी संधिवाताने धरलं आणि मांडे सुटले. सुनेने मला मऊ चेंडू आणून दिला, तोही असाच खिडकीत गेला.

माझा हात सोडवला तो नातीने. तिच्या शाळेत वाती करून न्यायच्या होत्या. कापूस घेऊन माझ्यापुढे बसली. सरकी काढायची, पेळू हलका करायचा, मांडीवर किंवा पाटावर तळहाताने वळायचा. फुलवातीला तर अंगठा आणि दोन बोटं, ती पेन्सिल धरायचीच तीन बोटं, त्यांनीच टोकाला पीळ द्यायचा. तिला जमेना, म्हणून मी दाखवत गेले. दाखवता दाखवता सव्वाशे झाल्या. रात्री हात शेकला, पण सकाळी मूठ मिटली.

पुढे उन्हाळ्यात तिला गव्हले आणि नखुल्या शिकवल्या. रव्याच्या पिठाची बारीक वळी करून गव्हाएवढं वळायचं ते गव्हले, आणि नखावर दाबून वळवायची ती नखुली. पूर्वी लग्नघरी बायका रुखवतासाठी दिवस दिवस बसून करायच्या. लहान पोरांच्या बोटांना याहून चांगलं काय असणार, मला तरी माहीत नाही. फसलं तर खीर होते.

खानदेशात कपाशीला काही तोटा नाही. पसाभर कापूस ठेव नानांपुढे. पण त्यांना 'करा' म्हणू नकोस.

परत_शिकतोय

मावशींनी माझ्या मनातलं लिहिलं. मी अमळनेरचा, निवृत्त शिक्षक. चार वर्षांपूर्वी उजव्या बाजूला लकवा मारला. ज्या हाताने ३४ वर्षं फळ्यावर लिहिलं, तो हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

थेरपीत माझ्यापुढे लाकडी फळी ठेवायचे, नऊ भोकं आणि नऊ खुंट्या. एकेक खुंटी बसवायची, मग काढायची, वेळ मोजायची. दुसरी एक पेटी होती, मधे आडवी भिंत. अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचे, एका मिनिटात किती जातात ते बघायचं. पेटीत दीडशे ठोकळे असतात. पहिल्या दिवशी माझे दोन गेले. या चाचण्या जगभर वापरतात आणि त्या चांगल्याच आहेत, मला त्यांचा उपयोगही झाला. पण घरी मी तसली फळी कधी हातात घेतली नाही. घरी ती मला परीक्षेसारखी वाटायची, आणि मी रोज नापास व्हायचो.

फरक पडला तो शेजारचा एक मुलगा सागरगोटे घेऊन आला तेव्हा. त्याच्या आजीने दिले होते, खेळायचे कसे ते त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, सर, तुम्हाला येतं का? मी डाव्या हाताने दाखवायला लागलो. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन, मग तीन. शेवटी सगळे उडवून पालथ्या हातावर झेलायचे. डाव्याने मलाही धड येईना, पण तो हसला नाही. म्हणाला, तुमचा दुसरा हात चिडला का? आणि त्याने माझा उजवा हात उचलून त्यात एक गोटा ठेवला.

त्या दिवशी मी तो फक्त धरला. सोडायला जमेना, कारण लकव्यानंतर बोटं आवळलेलीच राहतात, उघडायला शिकणं जास्त अवघड. तेव्हा माझं काम एवढंच ठरलं की त्याच्या हातात गोटा सोडायचा. तो म्हणायचा 'सोडा', मी सोडायचा प्रयत्न करायचो. पहिला गोटा सुटायला अकरा दिवस लागले. आज मी दोन उचलतो. पालथ्या हातावर अजून एकही थांबत नाही.

आरशाचाही उपयोग झाला मला. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, आजारी हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. चांगला हात हलवला की आरशात आजारी हात हलल्यासारखा दिसतो आणि मेंदूला ते थोडंथोडं खरं वाटू लागतं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात गमावलेल्या माणसांच्या वेदनेसाठी ही युक्ती वापरली, पुढे ती लकव्यातही आली. माझी थेरपिस्ट शेजारी बसून करून घ्यायची, सुरुवातीला एकट्याने करू नये.

गिरणाकाठ ताई, माझं एकच ऐका. नानांना खेळायला देऊ नका, शिकवायला सांगा. पोराला पाठवा त्यांच्याकडे. त्याला खरंच काही येत नसेल तर उत्तम.

सातपुडा_ओटी

सर, तुमची ही पोस्ट मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

लकव्याच्या घरांसाठी एकच भर घालते. बोटं आपोआप मुडपून घट्ट होत असतील तर चेंडू दाबत बसू नका, आधी बोटं उघडण्याची कामं द्या. पाचही बोटांभोवती सैल रबरबँड घालून तो फाकवणं, मोठा ठोकळा डब्यात सोडणं, कागद तळहाताने सपाट करणं.

बालवाडी_ताई

शहादा तालुक्यातून, अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची पोरं. मोजमाप म्हणून सांगते: तीन वर्षांचं पोर साधारण गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण, पाचव्या वर्षी त्रिकोण. थोडं मागे-पुढे होतं, घाबरायचं नाही. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाने मुठीत पेन्सिल धरली तर लक्ष द्यावं हे खरं, पण काही बिघडलंय असं लगेच धरून चालू नये.

आम्ही चिंचोके, सीताफळाच्या बिया, मक्याचे दाणे, बांबूच्या कांड्या वापरतो. चिमटीने वेगळे करायचे, दोरीत ओवायचे, बाटलीत टाकायचे. कपडे वाळवायचे चिमटे तर सोन्यासारखे. पाटीच्या कडेला दहा चिमटे लावा म्हटलं की पोरं दोन्ही हात वापरतात. कात्री मात्र बोथट टोकाची, आणि आधी कागदाच्या पट्ट्या नुसत्या 'कचकच' तोडायला द्यायच्या. रेघेवर कापणं नंतर.

गुंजा कधीच देऊ नका. लाल-काळ्या, दिसायला फार सुंदर, पण चावून गिळली तर जिवावर बेतणारं विष आहे. एरंडीची बीही तशीच. आमच्याकडे दोन्ही रस्त्याकडेला उगवतात, म्हणून मुद्दाम लिहिते. सीताफळाची बीही आम्ही अख्खीच वापरतो, ती फुटून डोळ्यात गेली तर फार चुरचुरते.

प्रशिक्षणात मला एक गोष्ट कळली ती अजून धीर देते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पोरांबरोबर काम झालं. माँटेसोरीचं महागडं साहित्य तिथे कुठून आणणार? म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, दगड घेतले. माँटेसोरीच्या साहित्यात लाकडी ठोकळ्यात बसणारे दट्टे असतात, एका ठोकळ्यात दहा, आणि प्रत्येकाला वर बारीक मूठ. ती मूठ धरायला तीन बोटंच लागतात, म्हणजे लिहायच्या आधीच लिहिण्याची पकड तयार होते. आमच्या चिंचोक्यालाही तीच तीन बोटं लागतात.

सारंगखेड्याच्या जत्रेत आम्ही दरवर्षी लाकडी भोवरे आणि दोन काठ्यांमधला कोलांट्या मारणारा माणूस घेतो. काठ्या दाबल्या की तो उलटतो. पोरं हसता हसता शंभरदा दाबतात.

खरादी

भुसावळचा. लाकडाचा खराद आहे, आता बहुतेक पलंगाचे पाय आणि लाटणीच करतो, पण भोवरा सोडलेला नाही.

भोवऱ्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळायला सुरुवात आरीपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, करायची, एक वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. यात डावा हात भोवरा थोडाथोडा फिरवतो आणि उजवा ताण ठेवतो. एवढं गुंडाळणंच लहान पोराला आठवडा घेतं. फेकताना जोर खांद्याचा नाही, शेवटचा झटका मनगटाचा. लहानांसाठी आर बोथट करून देतो आणि भोवरा बाभळीऐवजी हलक्या लाकडाचा. म्हातारी माणसं येतात, हातात घेतात, आणि जाळी न मागता नुसता अंगठा आणि मधल्या बोटाने चिमटीत फिरवून बघतात. त्यांच्यासाठी मी वर जाड दांडी ठेवतो, बोटाएवढी. बारीक दांडी सुजलेल्या सांध्याला धरवत नाही.

रंग लावत नाही. घासून तेल चोळतो. कोणाचं पोर तोंडात घालेल सांगता येत नाही.

ठिबक_भाऊ

खरादी भाऊ, आयएसआयचं तुम्हाला लागू होतं का? १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती खूण सक्तीची झाली ना.

खरादी

हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. पण गिऱ्हाइकाने खूण बघावीच. कारखान्याचं, रंगीत, सेलवर चालणारं खेळणं असेल तर खुणेशिवाय घेऊ नये.

नवखी_आई

सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकार करायचे, ते कोणी केलंय का? अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले तेव्हा आठवडी बाजारातल्या वस्तूंतून त्यांनी ते सुरू केलं. मी लेकीबरोबर करून बघितलं. गूल आधी खरवडून टाकायचा. त्रिकोण हलत नाही, चौकोन कोलमडतो, हे तिला स्वतःच्या बोटांनी कळलं. काडी त्या बारीक नळीत घालायला मलाच घाम फुटला.

गिरणाकाठ

पंधरा दिवसांनी लिहिते आहे.

सरांचं ऐकलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोराला नानांकडे पाठवलं, बैल कसे करतात ते विचारायला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. नाना म्हणाले, बाजारातून आणू. पोरगा म्हणाला, बाजारचे रंगवलेले असतात, मला आपले पाहिजेत. थोड्या वेळाने नानांचा आवाज आला, "नदीवरनी माटी लई ये."

गिरणेची चिकणमाती आणली. नानांनी डाव्या हाताने मळायला घेतली. जमेना. मग उजवा हात आला. मी काही बोलले नाही, सासूबाईंनाही खूण केली. तळव्याने रेटायचं, घडी घालायची, परत रेटायचं. आधी खडे काढायचे होते, ते पोराने चिमटीने काढले. धड नानांनी वळलं, पाय पोराने. वशिंड नानांनी अंगठ्याने वर ओढलं. शिंगं करताना मात्र दोघांचंही फसत होतं, कारण शिंगाला टोकाकडे बारीक होत जाणारा पीळ लागतो, तिथे अंगठा आणि दोन बोटंच हवीत. शिंगं पाच वेळा मोडली. सहाव्यांदा पोराचं आधी जमलं, आणि त्याने नानांचा अंगठा धरून दाखवलं कसं ते.

चार बैल झाले. एकाची मान वाकडी आहे, पण पूजेत तोच पुढे ठेवला.

त्यानंतर डमरू आपोआप कोपऱ्यातून बाहेर आला. बैलांची मिरवणूक काढायची तर वाजंत्री नको का? पोरगा मातीचे बैल पाटावर घेऊन पुढे आणि नाना मागून डमरू वाजवत. कोपर बरगडीला टेकवून, ओटी ताई! हे पोरानेच त्यांना सांगितलं होतं, मी त्याला शिकवून ठेवलं होतं.

आता रोज संध्याकाळी पत्ते होतात. डोळे दुखत नाहीत. नाना पान उलटताना अजून खांदा उचलतात, पण पूर्वीपेक्षा कमी. पसा पूर्ण होत नाही, कडेने अजून फट राहते. बटणांपैकी खालची तीन स्वतः लावतात. कॉलरचं राहिलंय. पोराची पेन्सिल अजून अधूनमधून मुठीत जाते, पण उभ्या पाटीवर तो नीट धरतो. शाळेतल्या बाईंना सांगून महिनाभर लिहायचं कमी करून घेतलंय.

सातपुडा_ओटी

वाचून डोळे भरले. ताई, दर तीन आठवड्यांनी पशाचा फोटो काढून ठेवा, एकाच जागी, कोपर टेबलावर ठेवून. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, फोटोत दिसतो. आणि कॉलरचं बटण सगळ्यांत शेवटी येतं, कारण तिथे नजर पोचत नाही आणि मनगट पूर्ण वाकवावं लागतं. घाई नको.

मांडेवाली_मावशी

आता भुलाबाई येतील बेटा, पोरींच्या गाण्यांचा सण. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून. पोरींबरोबर पोरगाही टिपऱ्या घेऊन बसू दे, त्यात काय! टिपरी सैल धरावी लागते, घट्ट धरली तर आवाज बसतो आणि मनगट दुखतं. नानांना म्हणावं समोर बसून ताल धरा. आणि कापूस आण घरात, नवरात्रासाठी वाती लागतीलच.

गिरणाकाठ

मावशी, कापूस आणला. काल नाना सासूबाईंना म्हणत होते, वात अशी नाही वळत, दे इकडे.

खरादी भाऊ, जाड दांडीचा भोवरा आणि बोथट आरीचा एक, असे दोन पाहिजेत. जाळीही. भुसावळला तुमच्याकडे कधी येऊ? नाना स्वतः येतो म्हणतायत, लाकूड बघून घ्यायचंय त्यांना.

खरादी

रविवारी सकाळी दहानंतर या. नानांना घेऊन या, जाळी मी गुंडाळून देणार नाही, त्यांनीच पोराला दाखवू द्या.